वाचकांचे प्रश्न : पडदा कोणाच्या हाती?

गेल्या अंकातील सदरात ‘पदर’ या शब्दाभोवती जमलेल्या वाक्प्रचारांविषयी, म्हणजे पदरमोड, पदर पसरणे, पदरी पडणे, दोन घराण्यांचा पदर लागणे यांविषयी लिहिले होते. त्यावर आलेली बहुतेक पत्रे पदरावरून पडद्यावर गेली आणि तिथून कोणी न्यायालयात शिरले, कोणी वेदान्तात. अशी पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. जागेअभावी पत्रांतील मजकूर थोडा आवरता घेतला आहे.

प्रश्न (सांगलीहून एक निवृत्त शिक्षिका) : नातीच्या लग्नात अंतरपाट धरला तेव्हा तिच्या दिल्लीच्या मैत्रिणीने मला विचारले, “आजी, हा घुंघटाचाच प्रकार ना?” मी नाही म्हटले, पण का नाही ते सांगता आले नाही. शिवाय आपल्याकडे स्त्रियांनी तोंड झाकण्याची चाल मुसलमानी अमदानीत आली असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. ते कितपत खरे आहे?

उत्तर : तुमचे ‘नाही’ बरोबर होते. मांडवातले दृश्य पुन्हा डोळ्यांसमोर आणावे. वधू आणि वर पाटांवर समोरासमोर उभे आहेत, मध्ये कुंकवाचे स्वस्तिक काढलेले पांढरे वस्त्र आहे, त्याची टोके दुसऱ्या दोघांनी दोन बाजूंना धरली आहेत, मुलीच्या मागे मामा आहे आणि नवरानवरीचे हात हारांत अडकलेले आहेत. मांडवातील तीनचारशे माणसांना ती दोघे स्वच्छ दिसतात. समोरचे माणूस दिसत नाही अशी माणसे तिथे दोनच असतात. हा पडदा दोघांवर सारखाच आहे, तो धरणारे हात त्या दोघांपैकी कोणाचेच नाहीत आणि शेवटचे ‘सावधान’ झाले की तो जाणार हे सर्वांना आधीपासून ठाऊक आहे. (हौशी आत्यांची मंगलाष्टके लांबली की धरणाऱ्यांचे हात भरून येतात, वस्त्र मध्येच झोळीसारखे लोंबू लागते, नवरा टाचा उंचावून पाहतो आणि करवल्या ओरडतात, या गोंधळाला शास्त्राधार नाही, पण त्याच्याशिवाय लग्न लागल्यासारखे वाटत नाही.) घुंघटाचे सगळेच याच्या उलट आहे. तो एकीवरच असतो, नवऱ्याऐवजी सासऱ्यापासून आणि थोरल्या दिरापासून चेहरा लपवतो आणि तो कधी संपणार याला मुहूर्त नसतो. अंतरपाटाचे खरे भावंड शोधायचे तर ते रंगभूमीवर सापडेल. कथकलीत दोघेजण हातात धरून उभे राहतात असा रंगीत पडदा असतो, त्याला तिरश्शीला म्हणतात. पात्र आधी त्याच्या वरच्या काठावरून नुसते डोळे दाखवते आणि मग केव्हातरी पडदा खाली येतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नातील विधान अर्धे खरे आणि अर्धे सोयीचे आहे. पडदा, बुरखा, गोषा हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि दरबारी प्रतिष्ठेबरोबर ही चाल पुष्कळ घट्ट झाली, हे खरे. पण ‘घुंघट’ हा शब्द संस्कृतातील ‘अवगुंठन’ या शब्दापासून आलेला आहे आणि ती वस्तू संस्कृत नाटकांत जागोजाग भेटते. व्याकरणाच्या परंपरेत तर ‘असूर्यंपश्या राजदाराः’, म्हणजे सूर्यही दृष्टीस न पडणाऱ्या राजस्त्रिया, हे ठरीव उदाहरण आहे. अर्थात हे सगळे पुरावे राजवाड्याचे आणि खानदानी घरांचे आहेत. शेतात निंदणीला बसलेल्या बाईविषयी ते काही सांगत नाहीत, आणि सर्वच स्त्रिया तेव्हा तोंड झाकत होत्या असा निष्कर्ष त्यांवरून काढणे तितकेच चुकीचे होईल.

या नाटकांतील तीन प्रसंग तुमच्या विद्यार्थिनींना सांगण्यासारखे आहेत. पहिला ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकातला. दुष्यंताच्या दरबारात शकुंतला येते ती अवगुंठन घेऊन. पिकल्या पानांत कोवळी पालवी दिसावी तशी तपस्व्यांमध्ये ही कोण, असे राजाला वाटते, आणि परस्त्रीकडे निरखून पाहू नये असे म्हणून तो स्वतःला आवरतोही. ओळख पटेना तेव्हा गौतमी म्हणते की, पोरी, क्षणभर लाज बाजूला ठेव, मी तुझे अवगुंठन दूर करते म्हणजे नवरा तुला ओळखील. अवगुंठन दूर होते, राजा पाहतो आणि ओळखत नाही, कारण झाकलेली होती ती दुर्वासाच्या शापाने त्याची स्मृती. किर्लोस्करांनी १८८० मध्ये हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले तेव्हापासून हा प्रसंग आपल्या ओळखीचा आहे, पण शापाच्या गडबडीत त्यातला हा कापडाचा तुकडा आपल्या नजरेतून निसटतो. कालिदासाने पडदा दूर करून दाखवला आणि तेवढ्याने काही दिसत नाही हेही दाखवले.

दुसरा प्रसंग भासाच्या ‘प्रतिमा’ नाटकातला. वनवासाला निघताना राम सीतेला अवगुंठन काढायला सांगतो आणि नगरजनांना म्हणतो की तुम्ही हिला मोकळेपणाने पाहा. यज्ञ, विवाह, संकट आणि वन या चार ठिकाणी स्त्रीकडे पाहण्यात दोष नाही. म्हणजे नियम होता, त्याला अपवाद होते आणि ते जाहीर करण्याचा अधिकार पतीकडे होता. वाल्मीकींच्या युद्धकांडातही याच अर्थाचे बोलणे रामाच्या तोंडी आहे आणि त्याला जोडून ‘वृत्तम् आवरणं स्त्रियाः’ असे सुंदर वचन आहे : घर, वस्त्र, तटबंदी हे स्त्रीचे आवरण नव्हे, शील हेच तिचे आवरण. भाषणात हे वचन नेहमी ऐकू येते. ते अग्निपरीक्षेच्या जरासे आधी उच्चारले गेले आहे, हे मात्र त्याच भाषणात कोणी सांगत नाही.

तिसरा प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो. ‘मृच्छकटिका’च्या चौथ्या अंकात वसंतसेना ही गणिका आपली दासी मदनिका हिला मोकळी करून तिचा प्रियकर शर्विलक याला देते. तेव्हा शर्विलक मदनिकेला सांगतो की हिला मस्तक लववून वंदन कर, हिच्यामुळे तुला दुर्मीळ असे ‘वधूशब्दावगुंठन’ लाभले. ‘वधू’ या शब्दाचे अवगुंठन! शेवटच्या अंकात नवा राजा वसंतसेनेलाही ‘वधू’ ही पदवी देतो आणि रंगमंचावर तिच्या डोक्यावरून वस्त्र ओढले जाते. गणिकेला ते घेण्याचा हक्क नव्हता, कुलवधूला होता. इथे अवगुंठन बंधन म्हणून येत नाही, ते दर्जाचा दाखला म्हणून येते. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या असिरियन कायद्यात हेच कलमाच्या कोरड्या भाषेत लिहिलेले सापडते : विवाहितेने आणि विधवेने रस्त्यावर डोके झाकलेच पाहिजे, वेश्येने आणि दासीने ते झाकता कामा नये, झाकलेली वेश्या सापडली तर पन्नास फटके आणि डोक्यावर डांबर, आणि तिला पाहूनही न पकडणाऱ्या पुरुषालाही शिक्षा. ज्या कापडासाठी एकीला सक्ती त्याच कापडासाठी दुसरीला फटके, म्हणजे त्या कापडाचे काम लाज झाकण्याचे नव्हते. कोणती स्त्री कोणाच्या मालकीची आणि कोणती कोणाचीही नाही, हे रस्त्यावरच्या माणसाला लांबून कळावे, हे ते काम होते. आपल्याकडच्या गोषाचे तरी दुसरे काय होते? तो मातब्बर मराठा घराण्यांत होता, कारण बाई घरात बसूनही ज्यांचे भागते त्यांनाच तो परवडत होता. कासोटा घालून चिखलात भात लावणारीला गोषा कोण देणार?

प्रश्न (पुण्याहून कायद्याचा एक विद्यार्थी) : कंपनी कायद्यात ‘कॉर्पोरेट व्हेल’ ही संकल्पना आहे. आमचे सर तिला ‘कंपनीचा बुरखा’ म्हणतात आणि न्यायालय तो ‘फाडते’ असे सांगतात. म्हणजे कंपनी हा मुळातच फसवणुकीसाठी पांघरलेला बुरखा समजायचा का?

उत्तर : ‘बुरखा फाडणे’ हा मराठीत ढोंगाविषयीचा वाक्प्रचार आहे आणि इथे तोच घोटाळा करतो. कायद्यातला हा पडदा, म्हणजे कंपनी वेगळी आणि तिचे भागधारक वेगळे ही आडभिंत, कायद्यानेच विणलेला आणि कायद्यानेच लावलेला आहे. तो नसता तर शेजाऱ्याच्या कारखान्यात दहा हजार रुपयांचे भाग घ्यायलाही कोणी धजावले नसते, कारण कारखाना बुडाला की भाग घेणाऱ्याच्या घरावर जप्ती आली असती.

मूळ खटला तुम्हाला अभ्यासाला असेलच. लंडनमधील व्हाइटचॅपेलचे बुटांचे कारखानदार ॲरन सालोमन यांनी १८९२ मध्ये आपल्या चालू धंद्याची कंपनी केली. एकूण २०,००७ भागांपैकी २०,००१ त्यांचे आणि उरलेले सहा भाग पत्नी व पाच मुलांच्या नावे एकेक, कारण कायद्याला सात माणसे हवी होती. शिवाय धंद्याच्या किमतीपोटी दहा हजार पौंडांची तारण कर्जरोखेही त्यांनी स्वतःकडे ठेवली. धंदा लवकरच बुडाला आणि तारण नसलेल्या धनकोंना काही मिळेना. खालच्या दोन्ही न्यायालयांनी म्हटले की ही कंपनी म्हणजे सालोमनच. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, मात्र सांगितले की नोंदणी झाली त्या क्षणी कंपनी ही वेगळी व्यक्ती झाली. सहा भाग नावापुरते आहेत म्हणून ती सालोमन ठरत नाही. निकाल १८९६ च्या अखेरचा आहे; १८९७ च्या निवाडासंग्रहात तो छापला गेला म्हणून सगळे त्याला १८९७ चा म्हणतात.

पडदा केव्हा बाजूला करायचा याचे एक चांगले उदाहरण तुम्हाला मुंबईतच मिळेल. सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी आपली गुंतवणूक चार खाजगी कंपन्यांच्या नावे केली. लाभांश आणि व्याज कंपन्यांकडे जमा होई आणि तोच पैसा ‘कर्ज’ म्हणून सर दिनशांकडे परत येई, त्यामुळे अधिकर (सुपर टॅक्स) टळत होता. १९२७ च्या निवाडासंग्रहात छापलेल्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले की या कंपन्यांना दुसरा कसलाही धंदा नाही, त्या म्हणजे करदाता स्वतःच. आजच्या २०१३ च्या कायद्यातही कलम ३३९ प्रमाणे, कंपनी गुंडाळताना तिचा कारभार धनकोंना फसवण्यासाठी चालवल्याचे दिसले, तर तो जाणूनबुजून चालवणाऱ्यांवर वैयक्तिक जबाबदारी टाकता येते. थोडक्यात, पडदा फाडला जात नाही. न्यायालय तो एका प्रश्नापुरता उचलते, पाहते आणि पुन्हा सोडते. कंपनी त्यानंतरही कंपनीच राहते.

पुस्तकात नसलेली एक गोष्ट मात्र वहीत लिहून ठेवावी. भोसरीत दोन लेथ घेऊन प्रायव्हेट लिमिटेड काढणारा उद्योजक बँकेत कर्जाला गेला की त्याच्यापुढे सर्वांत आधी संचालकाच्या वैयक्तिक हमीचा कागद येतो, आणि बहुधा पत्नीचीही सही मागतात. त्याचा पडदा पहिल्याच दिवशी, न्यायाधीशांना तसदी न देता, गेलेला असतो. कंपनीखाली कंपनी आणि तिच्याखाली परदेशातली तिसरी, अशी उतरंड ज्याला रचता येते त्याच्याच बाबतीत पडदा उचलण्यावर वर्षानुवर्षे वाद चालतात.

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक) : रॉल्स हे अमेरिकी तत्त्वज्ञ न्यायासाठी ‘अज्ञानाचा पडदा’ ओढून घ्यायला सांगतात. आपला वेदान्त अज्ञानाचा पडदा दूर करायला सांगतो. दोघेही बरोबर कसे असतील?

उत्तर : प्रश्न इतका नेमका आहे की उत्तर देण्याचा मोह आवरणे कठीण, पण दोन्हीकडचे आधी नीट मांडून घेऊ.

जॉन रॉल्स यांचा न्यायाच्या सिद्धान्तावरील ग्रंथ १९७१ मध्ये आला. त्यांची कल्पना अशी की समाजाचे मूळ नियम ठरवायला बसलेल्या माणसांना स्वतःविषयी काहीच ठाऊक नाही असे समजा : आपण श्रीमंत की गरीब, बाई की पुरुष, हुशार की बेताचे, कोणत्या धर्माचे, कोणत्या पिढीचे. जगाचे सर्वसाधारण व्यवहार त्यांना कळतात, फक्त स्वतःची जागा कळत नाही. अशी माणसे सर्वांना समान मूलभूत स्वातंत्र्य मागतील आणि विषमता ठेवलीच तर तळाशी असलेल्याच्या फायद्याची असेल एवढीच ठेवतील, असा त्यांचा दावा आहे, कारण तळाशी आपणच निघालो तर काय, ही धास्ती प्रत्येकाला असेल. भावाभावांच्या वाटणीत थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचे, ही रीत ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे नवे वाटणार नाही. कोणता वाटा आपल्याकडे राहणार हे ठाऊक नसले की विहिरीकडचा तुकडा मोजताना हात आपोआप सरळ पडतो.

वेदान्तात अज्ञानाच्या दोन शक्ती सांगितल्या आहेत, आवरण आणि विक्षेप. अंधारात दोरी दिसत नाही हे आवरण. तिथे साप दिसतो हा विक्षेप. सदानंदांच्या ‘वेदान्तसारा’त आवरणाला छोट्या ढगाचा दृष्टान्त आहे : एवढासा ढग अनेक योजने पसरलेल्या सूर्याला झाकू शकत नाही, तो पाहणाऱ्याची दृष्टी झाकतो. जुन्या मराठीत यासाठी ‘पडळ’ हा शब्द आहे, डोळ्यावर येणारा पापुद्रा, आणि तो पडद्यापेक्षा जास्त चपखल आहे, कारण पडदा वस्तूपुढे असतो आणि पडळ डोळ्यात. (युरोपात ‘मायेचा पडदा’ ही प्रतिमा जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअर यांनी गाजवली. उपनिषदे त्यांनी वाचली ती लॅटिन अनुवादात, आणि तो अनुवाद दारा शुकोहने १६५७ मध्ये करवून घेतलेल्या फारसी अनुवादावरून झाला होता.) ईशावास्य उपनिषदात तर कापड नाहीच, सोन्याचे झाकण आहे : सत्याचे मुख सुवर्णपात्राने झाकले आहे, हे पूषन्, ते तू दूर कर.

आता दोन्ही शेजारी ठेवा. आवरणामुळे आत्मस्वरूप झाकले गेल्यावर माणसाला काय दिसू लागते? मी अमक्या कुळाचा, तमक्या वर्णाचा, स्त्री, पुरुष, धनवान, म्हणजे सगळ्या उपाधी. आणि रॉल्स यांचा पडदा काय झाकतो? नेमक्या याच उपाधी. वेदान्ताने ज्याला साप म्हटले त्याच्यावरच रॉल्स कापड टाकतात. त्यामुळे शब्द उलटे असले तरी विरोध तुम्हाला वाटतो तेवढा नाही. फरक दुसरीकडे आहे. वेदान्तातले अज्ञान न मागता आलेले असते आणि ते आहे हेच कळत नसते. रॉल्स यांचे अज्ञान तास दोन तासांसाठी जाणूनबुजून घेतलेले असते. आणि उपाधी गळाल्यावर वेदान्तात दुसरे कोणी उरतच नाही, तर रॉल्स यांच्या पडद्याआड पुष्कळ माणसे उरतात, त्यांना भूक असते, भय असते आणि वाटा हवा असतो.

या फरकाची किंमत आपण मोजली आहे, असे मला वाटते. शंकराचार्यांच्या ज्या ब्रह्मसूत्रभाष्यात सर्वत्र एकच आत्मा सिद्ध केला आहे, त्याच भाष्यात शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाही असेही प्रतिपादन आहे. पडळ गेले तरी पाणवठा वेगळाच राहिला, कारण वाटणीचा प्रश्न तिथे कोणी विचारलाच नव्हता. उलट रॉल्स यांचा पडदाही हल्ली भलत्या वेळी घेतला जातो. “आम्ही जातपात पाहत नाही,” असे जागावाटपाच्या चर्चेत म्हणणारे गृहस्थ आपण रॉल्स यांचाच युक्तिवाद करतो असे समजतात. पण तो पडदा वाटे पाडण्याआधी घ्यायचा असतो; आपला वाटा उचलून गाठीला बांधल्यावर डोळे झाकणे याला रॉल्स यांनी न्याय म्हटलेले नाही.

प्रश्न (मालेगावहून पदवीच्या वर्गातील एक विद्यार्थिनी) : मी बुरखा घालते. काही घरांत तो घालायला लावतात, काही महाविद्यालयांत काढायला लावतात; दोन्हीकडे मुलीला कोणी विचारत नाही. कायदा नक्की कोणाच्या बाजूने आहे?

उत्तर : आजची स्थिती अशी. कर्नाटकातील गणवेशाच्या वादात तेथील उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी हिजाब ही इस्लाममधील अत्यावश्यक धार्मिक प्रथा नाही असे म्हणून विद्यार्थिनींच्या याचिका फेटाळल्या. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींनी परस्परविरुद्ध निकाल दिले आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवण्याचे ठरले. त्यांपैकी न्यायमूर्ती धुलिया यांच्या निकालाचा रोख तुमच्या पत्राच्या जवळचा आहे : हा धर्मशास्त्राचा प्रश्न नसून मुलीच्या निवडीचा आणि तिच्या शिक्षणाचा आहे, असे त्यांनी म्हटले. फ्रान्सने २००४ मध्ये सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांना आणि २०१० मध्ये सार्वजनिक जागी चेहरा झाकण्याला मनाई केली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१४ मध्ये ती दुसरी मनाई उचलून धरली. इराणचे उदाहरण सर्वांत कडू आहे. १९३६ मध्ये रेझा शाहच्या पोलिसांनी रस्त्यात बायकांच्या चादरी, म्हणजे डोक्यावरून पांघरायची वस्त्रे, ओढून काढल्या आणि १९७९ च्या क्रांतीनंतरच्या राजवटीने डोके झाकण्याची सक्ती केली. एकाच घरातील आजीची चादर सरकारने काढली आणि नातीवर सरकारनेच घातली, असे तिथे घडले असणार. म्हणून ‘बाजू’ हा शब्द मला इथे लावता येत नाही. तुम्हाला कोणी विचारले का, एवढ्या एका कसोटीवर यांतले बहुतेक कायदे उतरत नाहीत.

कायद्याच्या एका जुन्या कोपऱ्यात मात्र हाच प्रश्न विचारला जातो आणि तो फारसा कोणाला माहीत नाही. पडदानशीन स्त्रीने केलेल्या दस्तावर कोणी हक्क सांगत असेल, तर तिला त्यातला मजकूर समजला होता आणि तिने तो स्वतःच्या इच्छेने केला हे सिद्ध करण्याचा भार त्या दुसऱ्या पक्षावर असतो. प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे ब्रिटिश अमदानीतील शेवटच्या अपील न्यायपीठाच्या, काळापासून हे तत्त्व चालत आले आणि पुढे न्यायालयांनी ते निरक्षर स्त्रियांनाही लागू केले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम १३२ अशा स्त्रियांना न्यायालयात जातीने हजर राहण्यातून सूटही देते. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली आणि १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे वारसांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात, पडद्यातील वारस स्त्रियांच्या कायदेशीर सल्लागार म्हणून काम केले. त्या पडद्याच्या आत जाऊ शकत होत्या; न्यायालयात वकील म्हणून उभे राहण्याची सनद मात्र त्यांना कित्येक वर्षे मिळाली नाही.

हे तत्त्व वाचताना मला दुय्यम निबंधकाच्या एका कचेरीतले बाकडे आठवते. साठीच्या एक आत्याबाई डोक्यावरचा पदर कानाशी दातांत धरून बसल्या होत्या आणि त्यांचा भाचा हक्कसोडपत्राची पाने उलटून दाखवत होता, “इथं, आत्या. आता इथं.” शाई लागलेला अंगठा त्यांनी प्रत्येक पानानंतर पदराच्या आतल्या बाजूला पुसला, बाहेरून डाग दिसू नये म्हणून. वडिलांच्या जमिनीतला वाटा त्या दुपारी गेला. कॅमेऱ्यासमोर बसताना लेखनिकाने त्यांना चेहरा उघडा करायला सांगितले, कारण फोटो लागतो. कागदात काय लिहिले आहे ते समजले का, असे माझ्यादेखत कोणी विचारले नाही. त्यांचा चेहरा कचेरीच्या दप्तरात अगदी स्पष्ट आला असेल.

प्रश्न (बडोद्याहून एक वाचक) : आमच्या भजनी मंडळात जनाबाईंचा ‘डोईचा पदर आला खांद्यावरी’ हा अभंग म्हणतात. त्यातील ‘आतां मज मना कोण करी’ ही ओळ मनाला उद्देशून आहे, असे एक ज्येष्ठ सभासद सांगतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : आधी पहिल्या ओळीचे क्रियापद पाहावे : ‘डोईचा पदर आला खांद्यावरी । भरल्या बाजारीं जाईन मी ॥’ पदर कोणी ओढला नाही आणि जनाबाईंनी तो ‘काढला’ असेही म्हटलेले नाही. तो ‘आला’, टाळ वाजवता वाजवता घसरावा तसा, आणि त्यांनी तो पुन्हा वर घेतला नाही एवढेच. कर्तेपण सुरू होते ते दुसऱ्या चरणात, ‘जाईन मी’ या शब्दांत. शेवटी ‘जनी म्हणे देवा मी झालें वेसवा’ (वेसवा म्हणजे वेश्या) असे येते ते ऐकून पुष्कळ मंडळांत माना खाली जातात किंवा ते कडवेच गाळतात, आणि ते गाळले की पहिली ओळ लंगडी पडते. वर सांगितलेला ‘मृच्छकटिका’चा प्रसंग आठवा. तिथे डोक्यावर वस्त्र आले आणि गणिकेची वधू झाली. इथे नामदेवांच्या घरची दासी डोईवरचा पदर खांद्यावर राहू देते, त्यावर बाजार तिला जे नाव ठेवणार ते आधीच आपल्या तोंडाने घेते आणि त्या नावानिशी केशवाच्या घरात शिरते.

‘मना’ हे तुमच्या सभासदांना वाटते तसे संबोधन नाही. ‘मना करणे’ म्हणजे मनाई करणे, आणि वाक्य प्रश्नार्थक आहे : हातात टाळ आणि खांद्यावर वीणा घेतल्यावर आता मला मनाई कोण करणार? गाताना ‘मना’वर थांबून मनाला हाक घातल्यासारखे म्हटले की ‘कोण करी’ हा प्रश्न अधांतरी राहतो. ‘मना कोण करी’ हे तिन्ही शब्द एका दमात घ्यावेत आणि सम ‘कोण’वर येऊ द्यावी.